हरकती आणि सूचना: अनुभवी वैमानिकांसाठी उरलेले काम

गोव्यात विमानांचा विषय निघाला की चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते: मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर दाबोळीच्या जुन्या विमानतळाचे पुढे काय होणार, आणि मोपावरून घरी यायला टॅक्सीवाला किती घेणार. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते प्रवासी विमानांचे आहेत. शिकाऊ वैमानिकाचे दोन आसनांचे विमान, एखाद्या हौशी मालकाचे चार आसनांचे विमान, ग्लायडर, मायक्रोलाइट, असा जो मोठा संसार जनरल एव्हिएशन या नावाखाली येतो, त्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. नियमित किंवा भाडोत्री प्रवासी-मालवाहतूक वगळून उरणारे बहुतेक नागरी उड्डाण या संसारात मोडते. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि ते जवळजवळ सगळे अशाच लहान विमानांत होते. त्यामुळे मुंबई-गोवा विमानात पुढच्या दोन खुर्च्यांवर बसलेली माणसे कुठून येतात, याचे उत्तरही याच दुर्लक्षित कोपऱ्यात आहे.

माझे स्वतःचे आयुष्य फ्लाइंग क्लबात सुरू झाले, मग मोठ्या विमानांत गेले, आणि निवृत्तीनंतर पुन्हा लहान विमानांशी आणि शिकाऊ मुलांशी संबंध जुळला. या फेरीत एक गोष्ट सतत जाणवत राहिली. निवृत्त वैमानिक एकत्र जमले, मग ते पणजीत असोत की वास्कोत, की तक्रारींचा पाऊस पडतो: इंधन मिळत नाही, पार्किंगला जागा नाही, परवानगीची कागदपत्रे संपत नाहीत, नियम करणाऱ्यांनी आयुष्यात कधी कंट्रोल कॉलम हातात धरलेला नाही. यातील बरेचसे खरे असते. पण त्यापैकी किती जणांनी एखाद्या नियमाच्या मसुद्यावर मुदतीत लेखी सूचना पाठवली आहे, असे विचारले की सगळे चहाच्या कपाकडे पाहू लागतात.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, नियमांतील बदलांचे मसुदे आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवते. विमान कंपन्यांकडे हे मसुदे वाचण्यासाठी स्वतंत्र विभाग असतात, कायदेतज्ज्ञ असतात आणि दिल्लीत ऊठबस असलेली माणसे असतात. मोठ्या प्रशिक्षण संस्थांकडेही निदान एक व्यवस्थापक असतो. ज्याच्याकडे एकच जुने सेस्ना बनावटीचे लहान विमान आहे तो मालक, किंवा बापाने जमिनीचा तुकडा विकून ज्याला शिकायला पाठवले आहे तो मुलगा, यांच्या वतीने मसुदा वाचणारा कोणीच नसतो. अनुभवी वैमानिकाने स्वेच्छेने घ्यावे असे काम मला दिसते ते हे आहे, आणि त्यात उड्डाणाचा भाग फारच थोडा आहे. गावच्या जत्रेतील नाटकात राजाची भूमिका करायला दहा जण पुढे येतात आणि पडदा ओढायला एकही मिळत नाही, तसे हे काम पडदा ओढण्याचे आहे.

अमेरिकेत या कामाला व्यवस्थेचे रूप कसे मिळाले ते पाहण्यासारखे आहे. तिथली एओपीए ही विमानमालक व वैमानिकांची संघटना १९३९ साली स्थापन झाली. तिने १९९७ मध्ये एअरपोर्ट सपोर्ट नेटवर्क नावाचा उपक्रम सुरू केला, ज्यात एकेका विमानतळासाठी तिथलाच एक स्वयंसेवक वैमानिक नेमला जातो. त्याने राजधानीत भाषणे करायची नसतात; नगर परिषदेच्या बैठकीची विषयपत्रिका वाचायची, धावपट्टीच्या टोकाशी कोणी गृहप्रकल्प आणतो आहे का ते पाहायचे, आणि वेळेत कळवायचे. असे लक्ष ठेवणे का आवश्यक आहे ते शिकागोत मार्च २००३ च्या अखेरीस जगाला दिसले. तलावाकाठच्या मेग्ज फील्ड या लहान विमानतळाची धावपट्टी महापौरांच्या आदेशावरून मध्यरात्री बुलडोझर लावून खणून काढण्यात आली. तिथे उभी असलेली खाजगी विमाने अडकून पडली आणि पुढे ती टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे जाण्याच्या जोडरस्त्यावरून, उडवून बाहेर काढावी लागली. पूर्वसूचना न देता विमानतळ बंद केल्याबद्दल शहराला ३३,००० डॉलर दंड झाला, जो त्या जमिनीच्या मोलापुढे किरकोळ होता. स्वयंसेवकांचे जाळे असूनही हे घडले, हेही नोंदवले पाहिजे. जिथे सत्ता एका हातात आहे आणि जमीन पाण्याकाठची आहे तिथे पत्रे अपुरी पडतात.

पाण्याकाठची जमीन म्हटल्यावर गोमंतकीय वाचकाला अधिक काही सांगावे लागणार नाही. म्हणूनच माझे मत आमच्या काही मित्रांना आवडत नाही, तरी ते इथे स्पष्ट लिहितो: गोव्यात लहान विमानांसाठी नवी धावपट्टी मागू नये. पेडण्यात मोपासाठी जमिनी गेल्या, तेव्हा कुळे, बागायती आणि नुकसानभरपाई यांवरून जे झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. अशा राज्यात मूठभर वैमानिकांच्या हौशीसाठी आणखी एक पठार मागणारा प्रतिनिधी ग्रामसभेत पाच मिनिटेही टिकणार नाही, आणि टिकूही नये. मागायचे असेल तर आहे त्या विमानतळांवर एप्रनचा, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेचा, एक कोपरा, दिवसातील काही ठरावीक वेळा आणि परवडणारे उतरण्याचे व पार्किंगचे शुल्क मागावे.

यातही गोव्याची अडचण वेगळी आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात उभा राहिला, १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली, आणि मुक्तीनंतर तो नौदलाकडे गेला. आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ १९६४ पासून तिथे आहे आणि नागरी प्रवासी इमारत त्या तळावरील एक परिसर म्हणून चालते. कित्येक वर्षे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या प्रशिक्षण उड्डाणांसाठी राखीव राहत असल्याने प्रवासी विमानांनाही तिथे वेळ मिळणे कठीण असे. मग एका इंजिनाच्या विमानाची काय कथा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झाला, पण तो खाजगी कंपनीने चालवलेला, प्रवासी संख्येवर अर्थकारण बेतलेला विमानतळ आहे. एकीकडे संरक्षणाची गरज आणि दुसरीकडे व्यवसायाची, यांच्यामध्ये लहान विमान उभे आहे. त्यापैकी कोणाचीही भूमिका चुकीची नाही, म्हणून तर बाजू मांडणारा माणूस दोन्ही भाषा जाणणारा हवा.

असा माणूस शोधायला गोव्याबाहेर जावे लागत नाही. वास्को, चिखली, बोगमाळो या पट्ट्यात नौदलातून निवृत्त झालेले कितीतरी वैमानिक, निरीक्षक आणि नियंत्रक स्थायिक झाले आहेत. त्यांच्यापैकी काहींनी पुढे नागरी विमानेही चालवली. हंसा तळावर कोणत्या वेळी सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा उड्डाणाचा फेरा, भरलेले असते, कोणती विनंती मान्य होण्यासारखी असते आणि कोणती विनंती ऐकून समोरचा अधिकारी फाइल मिटतो, हे त्यांना पाठ आहे. या लोकांनी तरुण नागरी वैमानिकांबरोबर बसून एक पानाचे निवेदन तयार करणे आणि दिल्लीतील एखाद्या वकिलाने वीस पानांचे निवेदन तयार करणे, यांत मी पहिल्यावर पैज लावीन.

आता प्रत्यक्ष उदाहरण देतो, कारण त्याशिवाय हे सगळे हवेतले बोलणे ठरेल. बेळगावच्या सांबरा विमानतळावर अलीकडच्या वर्षांत उड्डाण प्रशिक्षण सुरू झाले आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. तिथून गोव्याकडे निघालेले विमान थोड्याच वेळात सह्याद्रीच्या कड्यावर येते आणि खालची जमीन एकदम तुटते. या बाजूने जाताना फारसा त्रास नसतो. परतीच्या वाटेवर मात्र किनाऱ्याच्या उष्ण, दमट हवेत ११० अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या सेस्ना १५२ ला घाटमाथ्यावर सुरक्षित अंतर राखता येईल इतकी उंची गाठायला बराच वेळ लागतो. गोव्यातील सर्वांत उंच शिखर, सत्तरीतील सोंसोगड, १,१६६ मीटर म्हणजे साधारण ३,८०० फूट आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी समुद्रावरून येणारे वारे डोंगराला धडकून वर चढतात, गोवा-बेळगाव वाटेवरील चोर्ला घाटाच्या बाजूला ढग भराभर वाढतात आणि वळवाचे ढग कधी गडगडू लागतील याचा नेम नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट घडते: वारे पूर्वेकडून येत असतील तर कड्याच्या गोव्याकडील बाजूला हवा खाली कोसळते, आणि वर चढू पाहणाऱ्या कमजोर विमानाला ती नेमकी नको त्या ठिकाणी दाबते.

डोळ्यांनी पाहून, म्हणजे व्हीएफआर नियमांनी, उडणाऱ्या वैमानिकाला या प्रवासात दाबोळीचे हवामान कळते, मोपाचे कळते आणि सांबऱ्याचे कळते. तिन्ही ठिकाणी आकाश बरे असू शकते आणि मधल्या कड्यावर ढग जमिनीला टेकलेले असू शकतात. वैमानिकाला जे कळायला हवे ते नेमके तिथेच, आणि तिथे विमानतळ नसल्यामुळे मेटार, म्हणजे विमानतळावरून दिला जाणारा हवामानाचा नियमित अहवाल, मिळत नाही. हे ज्याने तो कडा वेगवेगळ्या ऋतूंत ओलांडला आहे त्यालाच सुचेल. कार्यालयात बसून नकाशावर सरळ रेषा ओढणाऱ्याला सुचणार नाही. याला फार महागडा उपायही लागत नाही. अलास्कातील डोंगरखिंडींमध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९९ पासून कॅमेरे बसवायला सुरुवात केली, ज्यांची दर काही मिनिटांनी बदलणारी छायाचित्रे वैमानिक निघण्यापूर्वी पाहतो. शेजारी निरभ्र दिवसाचे छायाचित्र असते, त्यावर ओळखीच्या शिखरांचे अंतर लिहिलेले असते, आणि शिखर दिसत नसेल तर निर्णय आपोआप होतो. चोर्ल्याजवळ असा एक कॅमेरा बसवण्याची मागणी जागेच्या तपशिलासह, ऋतुमानाच्या नोंदींसह आणि देखभाल कोण करणार याच्या प्रस्तावासह केली, तर ती प्रतिनिधित्व ठरते. ‘आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही’ एवढेच म्हटले तर ती तक्रार राहते.

पक्ष्यांचा प्रश्नही असाच स्थानिक आहे. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात जनावरे कापून उघड्यावर सोलण्यास किंवा घारी-गिधाडांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास १९३७ च्या विमान नियमावलीतील ९१ व्या नियमाने बंदी केली आहे. नियम जुना आहे, स्पष्ट आहे, आणि मासळी बाजारामागील घारींना तो माहीत नाही. यासाठी विमानतळ पर्यावरण व्यवस्थापन समित्या असतात, त्यांत जिल्हा प्रशासन आणि पालिका यांचे लोक बसतात. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, धावपट्टीच्या कोणत्या टोकाला घारी किती उंचीवर घिरट्या घालतात याची नोंद वैमानिकाच्या तोंडून अशा समितीपुढे गेली तर कचऱ्याच्या गाडीचे वेळापत्रक बदलू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये धावपट्टीवर कुत्रा दिसल्यामुळे बंगळूरहून आलेले एक प्रवासी विमान दाबोळीला न उतरता परत गेले, तेव्हा दोन दिवस बातम्या झाल्या. त्या कुत्र्याच्या मागे कोणती भिंत कुठे मोडली आहे, हे विचारणारा माणूस तिसऱ्या दिवशीही हवा असतो.

मात्र एक अट मी या कामाला घालीन. वैमानिकांचा प्रतिनिधी केवळ वैमानिकांच्या सोयीचा वकील असता कामा नये; वैमानिकांच्या चुकाही त्यानेच टेबलावर ठेवल्या पाहिजेत. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळले आणि सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता, नकाशावरील किमान उंची दुसरेच सांगत होती. चौकशीत कळले की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे एक विमान याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले, कंपनीने आपल्या लोकांना सावध केले, आणि माहिती तिथेच थांबली. यातूनच १९७६ मध्ये गोपनीय अहवालांची एएसआरएस ही व्यवस्था उभी राहिली. ती चालवायला मुद्दाम नासाकडे दिली, कारण परवाना रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्यापाशी कोणी मन मोकळे करीत नाही. तिथे आलेले अहवाल वाचून त्यातील धोका ओळखण्याचे काम अनुभवी वैमानिक आणि नियंत्रक करतात.

आपल्याकडे स्वेच्छेने अहवाल देण्याची सोय आहे, पण लहान प्रशिक्षण केंद्रातील मुलगा तो लिहायला घाबरतो, कारण केंद्रात विमाने दोन-तीन आणि मुले तेवढीच. नाव काढून टाकले तरी कोणाचा अहवाल ते सगळ्यांना कळते. इथे निवृत्त वैमानिक उपयोगी पडू शकतो. मुलाने त्याला घटना सांगावी, त्याने इतर केंद्रांतील तशाच घटनांबरोबर ती जोडून, ओळख पुसून, पुढे पाठवावी. ‘सर, हे कोणाला सांगू नका’ असे म्हणून मुले जे सांगतात त्यात एका वर्षाच्या सुरक्षा परिसंवादाचा ऐवज असतो.

स्वार्थाच्या बाबतीत अमेरिकेतील सिनेटर जेम्स इनहॉफ यांचे उदाहरण मला नेहमी विचारात पाडते. ते स्वतः अनुभवी वैमानिक होते. ऑक्टोबर २०१० मध्ये टेक्सासमधील एका विमानतळावर फुलीची मोठी खूण असलेल्या बंद धावपट्टीवर, तिथे कामगार असताना, त्यांनी विमान उतरवले. परवाना शाबूत राहिला, पण पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले. त्यानंतर त्यांनी पुढाकार घेतलेला पायलट्स बिल ऑफ राइट्स हा कायदा २०१२ मध्ये झाला, ज्यामुळे चौकशीला सामोरे जाणाऱ्या वैमानिकाला आपल्याविरुद्धचा पुरावा पाहण्याचा हक्क अधिक भक्कम झाला. कायदा चांगला आहे, सामान्य वैमानिकाला त्याचा उपयोग होतो, आणि तरीही धावपट्टीवरच्या त्या कामगारांच्या वतीने कायदा होताना कोण बोलले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कामाला फळ यायला किती वेळ लागतो याची कल्पना असावी, म्हणून आपल्याकडच्या दोन गोष्टी सांगतो. पिस्टन इंजिनाच्या विमानांना लागणारे एव्हगॅस हे इंधन आपण वर्षानुवर्षे आयात करीत होतो. इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवून सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. वैमानिकाला रेडिओवर बोलण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची परीक्षा दूरसंचार विभाग घेत असे आणि उरलेले परवाने डीजीसीए देत असे, त्यामुळे विद्यार्थ्याला दोन दारे वाजवावी लागत. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने हे काम डीजीसीएकडे आणले. हे कोणाच्या पत्रामुळे झाले असा दावा करता येत नाही. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी काही जण ते पाहायला उरलेही नसतील.

मुलांना विमानाची गोडी लावण्याचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण त्याला लोक आपण होऊन पुढे येतात. अमेरिकेतील ईएए या संघटनेच्या यंग ईगल्स उपक्रमात १९९२ पासून स्वयंसेवक वैमानिकांनी स्वतःच्या विमानातून वीस लाखांहून अधिक मुलांना विनामूल्य फिरवून आणले आहे. आपल्याकडे ते उद्या होणार नाही. पण बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे, तिथे सुपर कॉन्स्टेलेशन आणि सी हॅरियर उभी आहेत, शाळांच्या सहली येतात, मुले चाकांना हात लावून निघून जातात. शनिवारी एखादा निवृत्त वैमानिक तिथे उभा राहिला तर त्याला श्रोते गोळा करावे लागणार नाहीत.

राहिला प्रश्न कोणी पुढे यावे याचा. केवळ तासांचा आकडा मोठा असणे पुरेसे नाही. आयुष्य जेटच्या कॉकपिटमध्ये गेलेल्या माणसाला कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे लहान इंजिनात इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो हे पुस्तकातून आठवते. गोव्याच्या दमट हवेत, बाहेर घाम येत असताना, शक्ती कमी करून खाली येणाऱ्या लहान इंजिनात तो प्रत्यक्ष धरतो हे आज शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षकाला अधिक ताजे माहीत असते. म्हणून माझ्या मते प्रतिनिधी जोडीने असावेत: मसुदा तरुणाने लिहावा, ज्येष्ठाने तपासावा, सही दोघांची असावी, आणि तीन वर्षांनी ज्येष्ठाने जागा सोडून सगळी फाइल दुसऱ्या जोडीकडे द्यावी. आमच्या पिढीला यातील शेवटची अट जड जाईल.

चोर्ल्याच्या कॅमेऱ्याच्या प्रस्तावाचे काम सध्या आम्ही काही जण करीत आहोत. त्यासाठी गोवा आणि बेळगाव अशा दोन्ही बाजूंनी घेतलेली, तारीख व वेळ असलेली कड्याची छायाचित्रे हवी आहेत, आणि ती मार्च ते मे या महिन्यांतील दुपारची असतील तर अधिक उपयोगाची. घाटातून नियमित जा-ये करणारे दुचाकीस्वार, बसचालक आणि गिर्यारोहक यांच्याकडे अशी छायाचित्रे कितीतरी असतील. ती द्यायला वैमानिक असण्याची गरज नाही.